पाणी सोडायचं का?

डोंबिवलीत सुगी येते ती हातगाडीवरून. नवरात्राचे मंडप उतरत असतात, ऑक्टोबरचं ऊन डोक्यात टोचत असतं, आणि एका सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाल भोपळ्यांची रास दिसते. एक भोपळा कापून दर्शनी ठेवलेला असतो. त्याच्या केशरी गराचा तो कच्चा, गोडसर वास नाकात गेला की पूर्वी मला बरं वाटायचं. यंदा मी नजर वळवून पुढे गेले. हंगामाचा सण जवळ आला.

आम्ही ख्रिस्ती. मूळ गावं नगरकडची, माझंही आणि ह्यांचंही. तिकडे हंगामाच्या सणाला मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाजरीची कणसं यायची, शेंगांची पोती यायची, पाय बांधलेल्या कोंबड्या यायच्या आणि ऐन प्रार्थनेत ओरडायच्या. पिकलेल्यातलं पहिलं देवाला, एवढाच त्याचा अर्थ. इथे कल्याणच्या आमच्या मंडळीत कोणाकडे शेत? पण सण चुकत नाही. गाडीवरून भोपळा घ्यायचा, तो छातीशी धरून रिक्षात बसायचं आणि वेदीपुढच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, जणू आपणच पिकवला. मागे एकांनी प्रेशर कुकर आणला होता. तो कुठल्या वावरात पिकला, हे विचारायची सोय नव्हती.

उपासना झाली की या वस्तूंचा लिलाव होतो. त्याची एक रीत आहे. बोली जिंकणारा माणूस पैसे देतो आणि वस्तू हातात न घेताच म्हणतो, "पुन्हा देवाला." मग तीच वस्तू परत लिलावात. असा एक नारळ पाच-सहा घरांच्या नावावर होतो आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरच्या चटणीत जातो. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. मला लहानपणापासून तो आवडतो.

सणाआधीचे चार रविवार आमच्याकडे कारभारीपणाचे असतात. पैसा, वेळ, शरीर आणि सृष्टी. यातलं काहीच तुमचं नाही, मालक वर आहे, तुम्ही नुसते कारभारी, सांभाळायला ठेवलेले. एवढं चार रविवारांत चार तऱ्हांनी सांगायचं. पाळकसाहेबांच्या उपदेशाआधीची दहा मिनिटं यासाठी राखलेली, आणि ती बावीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. शांतवन त्यांचं नाव. गावाकडे आमच्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. "आमचं कारभारी बाजारला गेलंत." मी शिकलेली, बालवाडीत शिकवलेली बाई, मी कधी तसं म्हटलं नाही. पण मंडळीतल्या बायका मला चिडवायच्या. "विमलताई, तुमचे कारभारी आले बघा कारभारीपण शिकवायला."

आणि माणूस खरोखरच तसा. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला, पाकिटाची कोरी बाजू यादी करायला. रंगाच्या रिकाम्या डब्यांत दरवर्षी गच्चीवर भोपळा नाहीतर दुधी लावायचे आणि सणाला खरोखर स्वतः पिकवलेलं घेऊन जायचे, त्यामुळे बाकीचे गाडीवाले भोपळे जरा खाली मान घालून बसायचे. कुठेही जायचं तर वीस मिनिटं आधी. मला आंघोळीला दीड बादली लागते, हे लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी त्यांना पटलेलं नाही. मी म्हणायची, "अहो, देवाने पाणी एवढं दिलंय, तुम्ही कशाला मधल्यामध्ये अडवताय?" तर म्हणायचे, "अडवणं आणि सोडणं हीच तर माझी नोकरी."

ते खरंच होतं. शांतवन पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच लोखंडी चावी आत घालायची, दोन्ही हातांनी फिरवायची. खाली पाइपात आधी हवा सूं सूं करते, मग पाणी गुरगुरत पुढे जातं आणि चार गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी मोरीत बादली वाजते. याला पाणी सोडणं म्हणतात. त्यांची लाईन डोंबिवली पूर्वेची. पहाटेचं पाणी, दुपारचं पाणी, बाजारपेठेचं पाणी. बायका गॅलरीतून विचारायच्या, "काका, आज सोडायचं ना पाणी?" आणि हे घड्याळ दाखवायचे.

आम्ही राहायचो मात्र दिव्याला. भाडं परवडायचं, म्हणून. चाळ आठ महिन्यांत उभी राहिलेली, भिंतीला हात लावला तर चुना हाताला लागायचा. पाणी एक दिवसाआड, तेही टँकर आला तर. दाराबाहेर आमचं एक निळं पिंप होतं. ते पिंप म्हणजे चार माणसांचे दोन दिवस. आंघोळी, भांडी, सासूबाईंचं आजारपण, लेकीचे शाळेचे कपडे, सगळं त्या पिंपातून. उन्हाळ्यात पिंपाच्या पाण्याला प्लास्टिकचा वास यायचा. शेवटचं बोटभर पाणी काढायला मी निम्मी आत वाकायची आणि आतून माझाच श्वास मोठा ऐकू यायचा.

शेजारच्या कांबळेवहिनींना याचं फार हसू यायचं. त्या बौद्धवाडीतल्या, नवरा रिक्षा चालवणारा, आणि तोंडाने फटकळ. एकदा टँकर चुकला तेव्हा हातात रिकामा हंडा घेऊन म्हणाल्या, "काय भावजी, सगळ्या डोंबिवलीला पाणी सोडताय आणि घरावर पण पाणी सोडलंत की हो!" सगळी चाळ हसली. हेही हसले. मी हसले नाही. त्या बोलण्यातला दुसरा अर्थ मला लागला.

कारण घरावर नाही, पण स्वतःवर या माणसाने पाणी सोडलंच होतं. दिवसभर उन्हात दहा-बारा व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि पाणी मागायचे नाहीत. "ज्याने पाणी सोडायचं त्याने लोकांच्या नळाला तोंड लावू नये." घरी आले की पिंपात डोकावायचे, मग अर्धा पेला प्यायचे. मी भरलेला तांब्या पुढे केला तर, "मला तहान कमीच लागते, विमल." सासूबाईंना दे, पोरीला दे. मी ते खरं मानलं. काही माणसांना भूक कमी असते, काहींना तहान कमी, असंच मला वाटत राहिलं. दोनदा मुतखडा झाला, तोही अंगावर काढला. तिसऱ्या रविवारी मात्र दरवर्षी ठणकावून सांगायचे, तंबाखू सोडा, मिश्री सोडा, शरीर तुमचं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवलीत घर घेतलं, त्यांच्याच लाईनीवर. सकाळी नळाला पाणी आलं की कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "आज सात मिनिटं उशीर केला पोरांनी." नळाला पाणी होतं, घरात फिल्टर होता, तरी पेला अर्धाच. सवय झालेली. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाय सुजले, जेवण जाईना, आणि तपासण्यांनंतर डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. मी विचारलं, पाणी कमी प्यायल्याने का? ते म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, रक्तदाबही जुना आहे, खड्यांचाही त्रास होता, पण हो, तेही कारण असेल. शांतवन माझ्याकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. डाव्या हाताची एक शीर ऑपरेशन करून जाड केली. त्यावर बोटं ठेवली की आतून घुरघुर लागते. पहिल्यांदा त्यांनी माझा हात तिथे ठेवला आणि लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, "बघ, लाईनला प्रेशर आहे." मी हात झटकन मागे घेतला. नवऱ्याच्या हातात पाइपलाइन वाहते आहे, हे सवयीचं व्हायला मला महिना लागला.

आणि प्यायला दिवसाला पाऊण लिटर पाणी. डाळीचं, चहाचं, औषधाचं, सगळं त्यातच. त्यांनी एक बाटली घेतली आणि निळ्या मार्करने तिच्यावर चार रेघा मारल्या. सकाळच्या गोळ्या, दुपार, संध्याकाळ, रात्र. आयुष्यभर तहान लागत नाही म्हणणाऱ्या माणसाला आता तहान लागायला लागली. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना चटचट आवाज यायचा. लिंबाची फोड चोखायचे. एकदा मी दुपारी स्वयंपाकघरात आले तर नळाखाली मनगट धरून डोळे मिटून उभे होते. पाणी वाहत होतं, वाया जात होतं, आणि हा माणूस ते जाऊ देत होता. मी आल्या पावली मागे फिरले. त्या दिवशी मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना ओरडावंसंही वाटलं आणि त्यांच्यापाठी जाऊन उभं राहावंसंही वाटलं, आणि मी दोन्ही केलं नाही.

गेल्या वर्षीचा तो ऑक्टोबर असा आमच्या घरात शिरला. पहिला रविवार पैशाचा, तो त्यांनी बसून घेतला. दुसरा वेळेचा. आठवड्यातल्या दोन अख्ख्या दुपारी मशीनला जोडून घालवणारा माणूस वेळेबद्दल काय बोलणार, मला धाकधूक होती. पण बोलले चांगले. लोक नेहमीसारखे माना डोलावत होते.

त्याच आठवड्यात डायलिसिसच्या खोलीत ते घडलं. तिथली तंत्रज्ञ रूपाली, पंचविशीची, मोहन्याहून येणारी, हसरी मुलगी. सुया टोचताना पेशंटशी गप्पा मारते, म्हणजे दुखणं कमी होतं असं तिला वाटतं. ह्यांनी सहज विचारलं, "या मशीनला पाणी किती लागतं गं?"

"खूप लागतं काका. आधी शुद्ध करायचं, मग आत. एका पेशंटला, एका वेळेला... तुमचं ते निळं पिंप असतं ना घरी, तेवढं तरी. जास्तच."

"आणि शुद्ध करताना जे उरतं ते?"

"ते बाहेर. गटारात."

ते पुढचे चार तास छताकडे बघत पडून राहिले. घरी येताना रिक्षात म्हणाले, "एक पिंप, विमल. एका माणसाला." मी म्हटलं, "मग?" म्हणाले, "आपण चार माणसं दोन दिवस जगायचो त्यात."

दुसऱ्या दिवशी बसून त्यांनी अर्ज लिहिला. उरलेलं पाणी टाकीत साठवावं, संडासाला वापरावं, बाहेरच्या झाडांना घालावं, नळजोडणी अशी अशी करता येईल, सोबत आकृती. आकृती इतकी सुबक की मी ती फ्रेम करून ठेवली असती. व्यवस्थापकांनी अर्ज वाचला, चांगलं बोलले, जागा भाड्याची आहे म्हणाले, परवानग्या लागतील, बघू. वाईट माणूस नव्हता तो. शुक्रवारी हे खाटेवर पडले, मशीन सुरू झालं, आणि मागच्या भिंतीतून पाणी वाहून जाण्याचा बारीक आवाज येत राहिला. आधीही येत असेल. आता आम्हा दोघांना तो ऐकू यायला लागला.

तिसरा रविवार शरीराचा. ते उठले, टेबलाशी गेले, कागद उघडला. अंगावरचा सदरा ढगळ झालेला, डाव्या हाताची बाही खाली ओढलेली.  मग म्हणाले, "या विषयावर मंडळीला काही सांगायचा मला अधिकार राहिलेला नाही." कागदाची घडी केली आणि जागेवर येऊन बसले. कोणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. मी गायले नाही, मला पुस्तकातली अक्षरं दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी गॅलरीत कढीपत्त्याची वाळकी पानं खुडता खुडता ते म्हणाले, "सणानंतर बंद करू."

"काय बंद करू?"

"मशीन. मी नीट विचार केलाय. तू ऐकून घे, मग रड."

मी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. शरीर सांभाळायला दिलं होतं, ते मी सांभाळलं नाही. आता त्याच्यापायी पैसा जातोय, तुझे दोन दिवस जातात, पाणी जातंय, आणि त्यातून मी बरा होणार नाही, नुसता पुढच्या मंगळवारपर्यंत पोचणार. हा कारभार नाही. हे उधळणं आहे. बावीस वर्षं लोकांना सांगितलं आणि स्वतः उधळायचं?

मी आधी भांडले. म्हटलं, "तुमचा देव काय पिंपं मोजत बसलाय का?" मग रडले. मग दोन दिवस अबोला धरला. लेक नाशिकला असते, तिने फोनवर बापाला रागावून पाहिलं, शपथा घातल्या, शेवटी फोन ठेवून दिला. पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली, जाताना दारात मला म्हणाले, "त्यांचं मन देव बदलेल." मला त्यांचा रागच आला. मन बदलणारा देवच असेल तर हे असलं मन ह्यांना दिलं कोणी? डॉक्टर म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, समजूतदार आहे, आम्ही जबरदस्ती करू शकत नाही. सगळेच बरोबर बोलत होते. शांतवनही बरोबर बोलत होते, हीच तर पंचाईत होती. छत्तीस वर्षं मी त्यांचं हेच बोलणं ऐकलं, चेष्टा केली, पण मनातून मला त्याचा अभिमान होता. आता तेच बोलणं त्यांना माझ्यापासून घेऊन चाललं होतं आणि माझ्याकडे दुसरं बोलणं नव्हतं.

सणाच्या सकाळी मी गाडीवरून एक भोपळा घेतला. गच्चीवरचे डबे त्या वर्षी रिकामेच राहिले होते, त्यांना जिने चढवत नव्हते. भोपळा बघून म्हणाले, "तो तुझा. माझं मी घेतलंय." पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. आमच्यात तेव्हा फार बोलणं नव्हतं.

मंदिर भरलं होतं. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, अंडी, गुळाच्या ढेपा, तांदळाच्या पिशव्या, आणि अर्थात भोपळे. एकेक कुटुंब पुढे जाऊन वस्तू ठेवत होतं. शांतवन उठले, सावकाश चालत गेले, आणि पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. निळ्या चार रेघांची. सकाळची पहिली रेघसुद्धा प्यायलेली नव्हती. पाऊण लिटर पाणी, गळ्यापर्यंत भरलेलं.  या माणसाने सकाळच्या गोळ्या कोरड्याच गिळल्या होत्या.

लिलाव आमचे सेक्रेटरी दाऊदभाऊ करतात. गडगडाटी आवाज, तोंडात सतत विनोद. भोपळे गेले, अंडी गेली, नारळ पुन्हा पुन्हा फिरला. मग बाटली हातात घेऊन ते थबकले. "हे... शांतवनभाऊंचं आहे," एवढंच म्हणाले. त्या बाटलीत काय आहे ते मंडळीला माहीत होतं, कारण गेले सहा महिने ती बाटली दर रविवारी आमच्या बाकावर असायची.

आणि मग लोकांनी, प्रेमापोटी, तेच केलं जे आम्ही लोक नेहमी करतो. बोल्या लावल्या. शंभर. दोनशे. पाचशे. कोणी तरी जिंकलं आणि डोळे पुसत म्हणालं, "पुन्हा देवाला." टाळ्या. परत बोली. दुसरं कोणी जिंकलं, "पुन्हा देवाला." परत टाळ्या. त्यांना वाटत होतं आपण शांतवनभाऊंचा मान करतोय. बारा वाजून गेले होते. पंखे नावाला फिरत होते. हे माझ्याशेजारी ताठ बसले होते, ओठ पांढरे पडलेले, जीभ फिरवायलाही ओल नाही, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं दिवसाचं पाणी या हातातून त्या हातात चाललं होतं. ते समाधानी दिसत होते. मला त्या समाधानाची भीती वाटली.

मी उभी राहिले. आमच्यात बायका बोली लावतात, पण मी कधी लावली नव्हती. शेवटची बोली नऊशेची होती. मी हजार म्हटलं. माझा आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या बाकावरचं बाळ दचकलं.

"हजार एकदा, हजार दोनदा, हजार तीनदा. विमलवहिनी!" दाऊदभाऊंनी बाटली उंच केली. "पुन्हा देवाला ना, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं. "ही मी घरी नेणार."

 तसं कोणी म्हणत नाही. नियम नाही, पण म्हणत नाहीत. मी पुढे गेले, बाटली घेतली, परत आले, आणि यांच्या हातात ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, कारण हळू बोलायची ताकदच उरली नव्हती.

"हे पाणी आता माझं आहे. तुमचं नाही. तुम्ही कारभारी ना? मालक सांगेल तसं करायचं ना? मी सांगते, प्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांत मी त्यांना त्या शब्दाने कधी हाक मारली नव्हती. मग त्यांनी झाकण काढलं आणि पहिल्या रेघेपर्यंत प्यायले. घशाचा आवाज मला ऐकू येत होता. दाऊदभाऊंनी पुढचा भोपळा उचलला आणि काहीतरी विनोद केला, देव त्यांचं भलं करो.

पुढच्या मंगळवारी दुपारी ते चपला घालून दारात उभे राहिले. कडीवर हात. मला म्हणाले, "काय मालकीणबाई, पाणी सोडायचं का?"

"सोडा," मी म्हटलं, आणि आम्ही गेलो.

मला वाटलं मी जिंकले. मंडळीतल्या बायकांनीही तसंच म्हटलं, वर्षभर हा किस्सा सांगितला गेला. पण मालकीण होणं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळत गेलं. तेव्हापासून प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक शुक्रवारी, शांतवन दारात उभे राहून तोच प्रश्न विचारतात. चेष्टेने विचारतात, पण उत्तराची वाट बघतात. आधी त्यांचं ओझं त्यांच्याकडे होतं, आता ते माझ्याकडे आलं आहे. पायांत गोळे येतात तेव्हा ते चादर दातात धरतात, आणि ते मी सोडायला सांगितलेलं पाणी असतं. अर्ध्या तासात रक्तदाब खाली जातो, रूपाली धावत येते, "काका, डोळे उघडा, काका!" आणि मी कोपऱ्यात पर्स धरून उभी असते. मागच्या भिंतीतून पाणी वाहत असतं. परवा घरी आल्यावर त्यांना जिना चढवेना. पहिल्या मजल्यावर पायरीवर बसलो दोघंही. ते म्हणाले, "विमल, मालकाला कधी कधी चावी बंदही करावी लागते गं. त्यात पाप नसतं. पाइप जुना झाला की करतात." मी पायरीवरचा चुना नखाने खरवडत बसले.

मी प्रार्थना करते, पण काय मागायचं ते मला ठरवता येत नाही. ते बरे होवोत, हे मागायला मी लहान नाही. त्यांनी थांबू नये, हे मी माझ्यासाठी मागते की त्यांच्यासाठी? आणि थांबावं हे मागायला माझी जीभ वळत नाही. या चार रविवारांना यंदा कोणी तरी नवीन तरुण बोलतो आहे. मुद्देसूद बोलतो. पैसा, वेळ, शरीर, सृष्टी. मी ऐकते आणि मनात म्हणते, बाळा, पाचवा रविवार ठेव. आपल्याला सांभाळायला दिलेलं माणूस परत कधी द्यायचं, यावर बोल.

आज शुक्रवार. दारात उभे होते. सदऱ्याची बाही वर करून डावा हात पुढे केला. "प्रेशर बघ." मी बोटं ठेवली. घुरघुर आहे अजून, पूर्वीपेक्षा बारीक.

"काय मालकीणबाई, सोडायचं?"

"सोडा," मी म्हटलं.

परवा रविवारी सण आहे. गल्लीच्या तोंडाशी भोपळे आलेत. मगाशी मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर ती बाटली धुऊन उपडी घातलेली होती. रेघा पुसट झाल्या होत्या, त्या त्यांनी निळ्या मार्करने पुन्हा मारल्या आहेत. ते यंदाही ती टेबलावर ठेवणार.  दाऊदभाऊ बाटली उंच करतील, मग सगळं मंदिर मागे वळून माझ्याकडे बघेल, आणि मी बोली लावायची की गप्प बसायचं, हे मला अजून माहीत नाही.